आधी ऐकून घ्या, मग क्षमेचे बोला



मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह देण्याची वेळ येते, तेव्हा वेदीपाशी उभ्या असलेल्या धर्मगुरूला जे दिसते, ते तुम्हांला बाकावरून दिसत नाही. कोण कोणाकडे वळतो, कोण नेमका त्याच वेळी वाकून चप्पल सरळ करतो, कोणाला तेव्हाच मोबाईल बंद करायची आठवण होते, हे सगळे समोरून दिसते. मोठ्या शहरात रविवारी चार-पाच मिस्सा असतात. भांडलेली माणसे वेळा वाटून घेतात. कोणी सकाळच्या मिस्साला, कोणी संध्याकाळच्या. आपल्या आटपाडीत ती सोय नाही. मिस्सा एक, चर्च लहान, आणि बाजारातही पुन्हा तीच माणसे समोर यायची.

हा लेख कोणा एका घराविषयी नाही, हे आधीच सांगतो. तेव्हा वाचता वाचता शेजाऱ्याकडे बघू नका. लिहायचे आहे ते माझ्या एका चुकीविषयी, आणि त्या चुकीने मला जो प्रश्न दिला त्याविषयी. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाला दुखवले, तर 'क्षमा कर' हे कोणी, कोणाला आणि कधी म्हणायचे?

माझ्या पहिल्या नेमणुकीतली गोष्ट आहे. गाव इथून लांबचे, दुसऱ्या जिल्ह्यातले. गोष्ट पापनिवेदनातली नाही, चारचौघांत घडलेली आहे, आणि जिच्याविषयी आहे तिची परवानगी घेऊन लिहितो आहे. तिथे एक मावशी वीसेक वर्षे गायनमंडळ चालवीत होत्या. धर्मग्रामाच्या सणाच्या तयारीची बैठक भरली होती. कमिटीतल्या एका वजनदार गृहस्थांनी भर बैठकीत विचारले, 'पेटीच्या दुरुस्तीचे पैसे गेले कुठे? हिशोब कोणी देणार आहे का?' नाव घेतले नाही, पण सगळ्यांच्या माना मावशींकडे वळल्या. मावशी उठून गेल्या. पंधरा दिवसांनी दुरुस्तीच्या पावत्या सॅक्रिस्टीच्या खणात मिळाल्या. मावशींनी वेळेवर आणून दिल्या होत्या आणि मीच त्या तिथे टाकल्या होत्या.

आता मी काय करायला हवे होते, हे तुमच्यातला सातवीतला मुलगाही सांगेल. मी काय केले? गृहस्थांना एकट्याने गाठून पावत्या मिळाल्याचे सांगितले. ते म्हणाले, 'बरं झालं, विषय संपला.' चर्चच्या पत्र्यांना त्यांचीच मोठी देणगी होती. मग मी मावशींच्या घरी गेलो आणि त्यांना क्रुसावरच्या प्रभूची आठवण करून दिली. म्हटले, त्याने मारेकऱ्यांना क्षमा केली, तुम्हीही सोडून द्या, सणाला गायला या. त्यांनी चहा ठेवला. कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, 'फादर, तुम्ही क्षमा मागायला आलाय का वसूल करायला?'

सेमिनरीत तीन वर्षे तत्त्वज्ञान शिकलो होतो. उत्तर सुचले नाही.

मावशी सणाला आल्या नाहीत. त्यानंतर वर्षभर मिस्सालाही आल्या नाहीत. लोक म्हणत, 'बाईला फार मान लागतो.' मीही मनात तेच म्हणत होतो. शांतता राखली असे मला वाटत होते. खरे तर मी फक्त गुपचिळी राखली होती, आणि तिची किंमत एका विधवा बाईकडून घेतली होती.

पुढे केव्हातरी मत्तयच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय प्रवचनासाठी वाचत होतो. क्षमेवर बोलताना आपण सगळेच त्या अध्यायातल्या निर्दय चाकराच्या दाखल्याकडे जातो. मीही शंभरदा गेलो होतो, पण त्याची सुरुवात माझ्या नजरेतून सुटली होती. राजा माफी द्यायला बसत नाही, हिशोब घ्यायला बसतो. चाकराला समोर आणतात, रक्कम सांगितली जाते. 'कसले कर्ज?' असे चाकर म्हणत नाही, आणि राजाही 'अरे, काही नाही, चालायचेच' असे म्हणत नाही. आकडा दोघांच्या मध्ये मांडला जातो आणि त्यानंतर राजा तो सोडतो. आपण दुष्काळी भागातली माणसे, कर्जमाफी म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २००८ साली झाली, २०१७ साली झाली, २०१९ साली झाली. प्रत्येक वेळी आधी याद्या लागल्या. कोणाच्या नावावर किती, हे कागदावर आले आणि मगच खाते कोरे झाले. ज्याच्या नावावर कर्ज दाखवलेच नाही, त्याला माफी कशाची मिळणार?

क्षमेचेही असेच आहे. पावत्या मिळाल्याचे बैठकीत न सांगता मी मावशींकडून क्षमा मागत होतो, म्हणजे कर्ज यादीत न चढवताच ते माफ करा असे सांगत होतो. तत्त्वज्ञानात एक साधा भेद शिकवतात. 'त्याची चूक नव्हती' असे म्हणणे म्हणजे त्याला निर्दोष ठरवणे. 'त्याची चूक होती, पण मी ती त्याच्याविरुद्ध धरून ठेवत नाही' असे म्हणणे म्हणजे क्षमा. चूक नाकारली की क्षमेला जागाच उरत नाही. आपल्या मंडळ्यांत अनेकदा पहिले वाक्य म्हणायला लावतात आणि त्याला दुसऱ्याचे नाव देतात.

त्याच दाखल्यात चाकराचे दुसऱ्या चाकराकडे शंभर दीनार असतात. दहा हजार तालांतांपुढे ही रक्कम चिल्लर आहे असे आम्ही प्रवचनकार नेहमी सांगतो, आणि तुलनेने ते बरोबरही आहे. पण एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस. शंभर दीनार म्हणजे डाळिंबाच्या बागेत शंभर दिवस वाकून काम. ती चिल्लर नव्हे. माणसाला माणसाकडून होणारी जखम लहान असते, असे प्रभूने कुठेही म्हटलेले नाही.

याच अध्यायात प्रभूने भांडण मिटवायची रीतही सांगितली आहे. भावाने अपराध केला तर आधी त्याला एकट्याने गाठ, ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर ने, तरीही नाही तर मंडळीपुढे सांग. आपली रीत बरोबर उलटी आहे. आधी सगळ्या गावाला सांगतो, मग एक-दोघांना जवळचे करतो, आणि त्या माणसाला एकट्याने कधीच गाठत नाही. यात आपण फार नवे आहोत असेही नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतील हिप्पोच्या संत ऑगस्टीनने बेथलेहेमात राहणाऱ्या संत जेरोमला पत्र लिहिले आणि त्याच्या एका मतावर टीका केली. पत्र जेरोमला मिळण्याआधीच त्याच्या प्रती इतरांच्या हाती पडल्या आणि रोमपर्यंत फिरल्या. जेरोम भयंकर चिडला. व्हॉट्सॲप नसताना हे झाले! दोघे संत, दोघे ख्रिस्तसभेचे महापंडित. वर्षानुवर्षे पत्रे जात-येत राहिली, तेव्हा कुठे तो राग निवळला.

गंमत अशी की त्यांचा वाद होता तोही एका भांडणावरच. अंत्युखियात पेत्र आधी परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे, पण यरुशलेमची माणसे आली तसा तो मागे सरला. तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमोर तोंडावर सुनावले. गलतीकरांस पत्रात दुसऱ्या अध्यायात ते आले आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसने बंधुभावाने चूक दाखवून देण्याविषयी लिहिले, तेव्हा हीच घटना घेतली. तो म्हणतो, चूक दाखवणे हे प्रेमाचे कृत्य आहे. हाताखालच्यानेही वरच्याला चूक दाखवावी, मात्र उद्धटपणे नव्हे, आदराने. आणि श्रद्धेलाच धोका असेल तर सर्वांसमोरही दाखवावी. ज्यांना 'फादरांना कसे बोलायचे?' असे वाटते, त्यांनी हे लक्षात ठेवावे. मी हे लिहून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो आहे, याची मला कल्पना आहे.

पण 'त्याला एकट्याने गाठ' ही रीत भावाभावांची आहे. दोघे बरोबरीचे असले तर ती चालते. मावशी आणि ते गृहस्थ बरोबरीचे नव्हते. एकाच्या हाती कमिटी, पैसा आणि फादरांचा कान होता. दुसरीच्या हाती पेटी होती, तीही चर्चची. अशा वेळी पहिले पाऊल कोणी टाकायचे? मत्तयच्याच पाचव्या अध्यायात याचे उत्तर आहे. वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेव आणि आधी जा. इथे निघायचे आहे ते ज्याने दुखवले त्याने. दोन्ही वचने पाळली तर दोघेही घरातून निघतील आणि ओढ्याच्या पुलावर त्यांची गाठ पडेल. एकानेच चालायचे असेल, तर ज्याच्या हाती जास्त आहे त्याने चालावे असे मला वाटते. का वाटते, ते सांगण्यासाठी मुंबईला जावे लागेल.

मुंबईच्या कॅथलिकांत शंभराहून अधिक वर्षे एक भांडण चालू होते. पूर्वेकडील देशांत बिशप नेमायचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे होता, त्याला पाद्रुआदो म्हणत. पुढे १६२२ साली रोमने धर्मप्रसाराचे आपले खाते काढले, ते प्रोपागंडा फिदे. मुंबई बेटे पोर्तुगिजांकडून इंग्रजांकडे गेली. इंग्रजांनी १७२० साली पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना बाहेर काढून प्रोपागंडाच्या कार्मेलाईटांना बोलावले. तिथून ओढाताण सुरू झाली. १७९४ साली सरकारने भाऊवाटणी केली. माझगावचे ग्लोरिया आणि दादरचे साल्व्हासाव ही चर्चे पाद्रुआदोला मिळाली. भुलेश्वरचे एस्पेरान्सा आणि माहीमचे संत मायकल ही प्रोपागंडाला मिळाली. ज्यांनी घरची वाटणी पाहिली आहे त्यांना पुढचे सांगायला नको. भिंत घातली की आवाज कमी होतो, मन जुळत नाही.

१८५३ साली माहीमला स्फोट झाला. प्रोपागंडाचे बिशप अनास्तासियस हार्टमन, स्वित्झर्लंडचे कपुचिन, संत मायकल चर्चमध्ये आपल्या माणसांसह आत होते. बाहेर दुसऱ्या पक्षाचे कॅथलिक वेढा घालून बसले. पंधरा दिवस हे चालले. अखेर सरकारी अधिकाऱ्यांनी दारे उघडली आणि चर्च पाद्रुआदोकडे गेले. आतल्यांची रोझरी तीच, बाहेरच्यांचीही तीच. हार्टमन साधा माणूस नव्हता. 'एक्झॅमिनर' हे कॅथलिक साप्ताहिक त्याच्याच काळात, १८५० साली, सुरू झाले. चांगली माणसेच अशी कुलूप लावून बसतात, हे मला जास्त अस्वस्थ करते. त्यानंतर तर भांडण वारसाहक्काने चालत आले. एकाच गल्लीत राहणारी दोन कॅथलिक कुटुंबे वेगवेगळ्या बिशपांच्या अधिकाराखाली असत. तुम्ही कोणत्या बाजूचे, हे राहत्या जागेवरून नव्हे तर घराण्यावरून ठरे. मूल जन्माला येताच त्याला बाजू मिळे. ज्याला माहीमचा वेढा ठाऊकही नाही, त्याच्याही वाट्याला त्याचा राग येई.

१५ एप्रिल १९२८ रोजी रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि ही दुहेरी सत्ता संपली. मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश, असे आळीपाळीने ठरले. आधी पोर्तुगीज जोआकिम लिमा आले. त्यांच्यानंतर १९३७ साली इंग्लंडहून थॉमस रॉबर्ट्स आले, जेझुइट. आता पाळीप्रमाणे पुढचा पुन्हा पोर्तुगीज येणार. इथली माणसे मात्र पाळीत कुठेच नव्हती. रॉबर्ट्सनी १९४६ साली व्हॅलेरियन ग्रेशस या इथल्याच धर्मगुरूला साहाय्यक बिशप केले, कारभार त्यांच्या हाती सोपवला आणि स्वतः मुंबई सोडली. आर्चबिशपपद नावाला त्यांच्याकडे होते, खुर्ची मात्र त्यांनी रिकामी केली होती. १९५० साली पोर्तुगालनेही आपला जुना हक्क सोडला, रॉबर्ट्सचा राजीनामा मंजूर झाला आणि ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ साली ते भारताचे पहिले कार्डिनल झाले. देश स्वतंत्र झाला होता, वारे फिरले होते, हे खरे. सगळे श्रेय एका माणसाच्या साधुत्वाला देऊ नये. तरीही जागा ज्याची होती तो उठला, हे विसरता येत नाही. इथल्या लोकांना कोणी 'तुम्ही जरा समजून घ्या' असे सांगत बसले असते, तर ते आणखी किती वर्षे समजून घेत राहिले असते?

मोठ्याने आधी बोलण्याची उदाहरणे अलीकडेही आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी ख्रिस्तसभेच्या लोकांनी केलेल्या पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. डिसेंबर २०१६ मध्ये भारताच्या बिशपांनी दलित ख्रिस्ती बांधवांविषयीचे धोरण प्रसिद्ध केले आणि भेदभाव ख्रिस्तसभेच्या आतही आहे हे मान्य केले. आपल्यातल्या कित्येकांच्या आजोबांनी हे भोगले आहे. त्यांना 'विसरा' म्हणणारे पुष्कळ भेटले. आपल्याच आटपाडीचे शंकरराव खरात ख्रिस्ती नव्हते, पण 'तराळ-अंतराळ' लिहून त्यांनी गावकुसाबाहेरचे आयुष्य जसेच्या तसे नोंदवून ठेवले. ती नोंद म्हणजे सूड नव्हे. आठवण ठेवूनही माणूस मन मोकळे ठेवू शकतो.

इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहायला हवी. मी वर जे म्हटले ते भांडणांविषयी, अपमानांविषयी. मारहाण, पैशाची अफरातफर आणि विशेषतः लहान मुलांवरील अत्याचार या गोष्टी समेटाच्या बैठकीत मिटवायच्या नाहीत. तिथे 'आधी एकट्याने गाठ' म्हणणे हेच पाप आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली काढलेल्या नियमांनुसार धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांनाही असे प्रकार वरिष्ठांना कळवावेच लागतात. 'मंडळीचे नाव खराब होईल' असे कोणी म्हणाले, तर त्याला अठराव्या अध्यायातला जात्याचा दगड दाखवा. तोही त्याच अध्यायात आहे, क्षमेच्या आधी.

राहिला विश्वासाचा प्रश्न. मला नेहमी विचारतात, 'फादर, क्षमा केली म्हणजे पुन्हा त्याच्या हाती किल्ली द्यायची का?' मी त्यांना स्वतंत्रपूरकडे बोट दाखवतो. आपला भाग औंध संस्थानात होता, तेव्हा १९३९ साली राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने इथे कैद्यांची उघडी वसाहत निघाली. भिंती नाहीत. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे बायका-मुलांसह राहून शेती करीत. ग. दि. माडगूळकर याच मुलखाचे, आणि शांतारामबापूंच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'ची कथा त्यांचीच. चित्रपट सर्वांना आठवतो, पण एक बारीक गोष्ट निसटते. त्या कैद्यांचा गुन्हा कोणी पुसला नव्हता. निकाल लागलेला होता, शिक्षा चालू होती, सगळे कागदावर होते. त्या कागदावर पाय ठेवूनच विश्वास टाकला गेला. आज कुदळ, उद्या पाण्याची पाळी, परवा कुटुंब. क्षमा मनात एका क्षणी होऊ शकते, आणि समोरच्याने चूक कबूल करेपर्यंत तिने थांबलेच पाहिजे असेही नाही, क्रुसावर ती थांबली नव्हती. पण समेटाला दोघे लागतात आणि विश्वासाला दिवस लागतात. मावशींना मी तिन्ही गोष्टी एका चहाच्या कपात मागितल्या होत्या.

वर्षभराने मी रविवारच्या मिस्सानंतर, अंतिम आशीर्वादाच्या आधी, पावत्या हातात धरून सगळे सांगितले. माझा हलगर्जीपणा सांगितला, माझी भीती सांगितली. गृहस्थ मिस्सातून उठून गेले. पुढच्या वर्षी त्यांची देणगी आली नाही. मावशी तिसऱ्या रविवारी आल्या आणि शेवटच्या बाकावर बसल्या. गायनमंडळात त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. मध्यंतरी परवानगीसाठी फोन केला तेव्हा म्हणाल्या, 'लिहा की. पण पेटीचं खरं बिल किती होतं तेही लिहा.' साडेसातशे रुपये होते.

उपवासकाळ सुरू होतो आहे. धर्मग्रामात माझ्या हाती जास्त आहे, म्हणून सुरुवात माझ्यापासून. माझ्या बोलण्याने, निर्णयाने किंवा गप्प राहण्याने ज्यांचे मन दुखावले असेल, त्यांनी फादरांच्या बंगल्यावर यायची गरज नाही. सिस्टरांकडे फक्त नाव सांगून ठेवा किंवा चिठ्ठी द्या. बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मी घरी येईन. बोलायचे तुम्ही, मी ऐकेन. क्षमेचा विषय मी काढणार नाही. चहाला साखर कमी घाला.

प्रभू येशूमध्ये आपला,
धर्मगुरू